माझ्या गळ्यातून न निघालेलं गाणं

ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी पाचही बोटं हळदीनं माखलेली होती. उमरग्याजवळच्या एका गावात माझ्या नणंदेच्या मुलीची हळद होती. दुपारची वेळ, मांडवाखाली बायकांची दाटी, आणि बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेले डीजेचे डबे. त्यांच्या धडधडीनं ताटातले तांदूळसुद्धा थरथरत होते. मी नवरीच्या गालाला हळद लावत होते आणि तेवढ्यात नवं गाणं सुरू झालं.

आधी वाटलं, कुणी ओळखीची बाई गातेय. मग वाटलं, आई गातेय. आई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे अंगावर सर्रकन काटा आला. आणि मग कळलं, ही आई नाही, ही मीच आहे. ओळीच्या शेवटी आवाज थोडा फाटतो आणि तिथं एक खरखर येते. ती आमच्या घरातली. आईला होती, मला आहे. तीच खरखर त्या डब्यांतून बाहेर येत होती आणि गात होती, ‘दाजी, मेव्हणीच्या खोलीला कडीच नाही.’ पुढं जे होतं ते मी लिहिणार नाही.

बायका आधी हसल्या. मग एकीनं माझ्याकडं बघितलं, तिनं दुसरीला कोपरानं ढोसलं, आणि हसणं मांडवभर हळूहळू बसत गेलं. नणंदेची सासू माझ्या समोरच बसली होती. वयस्क बाई, दरवर्षी घटस्थापनेला आमचा देवीच्या गाण्यांचा मेळा तिच्या दारात असायचा. ती म्हणाली, “बाई, देवीचं गाता गाता हे कधी सुरू केलं तुम्ही?”

“हे मी गायले नाही.”

“आवाज तर तुमचाच हाय की वो.”

“आवाज माझा आहे. गायले मी नाही.”

माझ्या तोंडाकडं बघून तिनं पदर नीट केला, एवढंच. मी उठले आणि तशाच हळदीच्या हातानं ट्रॉलीकडं गेले. डीजेवाला खुर्चीत बसून मान हलवत होता. मी ओरडले, “बंद कर ते.” त्याला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा ओरडले तर तो म्हणाला, “मावशी, लई मागणी हाय या गाण्याला.” मी सरळ त्याच्या लॅपटॉपवर पंजा ठेवला आणि दाबला. आवाज थांबला. बटणांवर माझ्या पाच बोटांचा पिवळा ठसा उठला. तो शिव्या घालत पुसायला लागला, आणि मी नळावर जाऊन हात धुतले. हळद लवकर जात नाही. त्या दिवशी मी रागानं हात इतके चोळले की कातडी लाल झाली.

मी अंगणवाडी सेविका आहे. लोहारा तालुक्यात, सास्तूरपासून जवळच आमचं गाव आहे. भूकंपानंतर नव्यानं वसलेलं, सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्यांचं. आईनं आराधी गाण्यांचा मेळा धरला होता. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, तिथंसुद्धा मंगळवारी आणि शुक्रवारी ती गळ्यात कवड्यांची माळ घालून बसायची आणि शेडमधल्या बाया तिच्यामागं गायच्या. घराघरात माणसं गेली होती. गाणं म्हणजे आमच्याकडं करमणूक नव्हती. रडायला न येणाऱ्या बाया तिथं येऊन गायच्या, आणि गाता गाता त्यांना रडायला यायचं. तिचं एक गाणं होतं, तिनंच जोडलेलं: ‘आई, तुझ्या डोंगराला माझी सावली लागू दे.’ त्यातल्या सावलीवर ती इतका वेळ थांबायची की संबळ वाजवणाराही हात अडवून धरायचा.

आईच्या गाण्यांची एक कॅसेट निघाली होती. त्यासाठी मेळा सोलापूरला गेला होता. सगळ्यांनी एकाच माइकभोवती उभं राहून एका दमात गायचं. कुणी खोकलं की पुन्हा पहिल्यापासून. ती कॅसेट तुळजापुरात देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत प्रसादाच्या दुकानांत बांगड्या आणि कुंकवाशेजारी टांगलेली असायची. वेष्टनावर आईचा फोटो नव्हता, देवीचा होता. आईला त्यात गैर वाटलं नाही. ती म्हणायची, गाणं तिचं, फोटो तिचा. पण आत गायलं कोण, हे त्या वेष्टनावर बारीक अक्षरात का होईना लिहिलेलं होतं, आणि मला ते बोट ठेवून वाचता यायचं.

पुढं कॅसेट गेली. मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून मिळायला लागलं. कार्ड द्यायचं, दुकानदार त्यात चारशे-पाचशे गाणी ओतायचा, त्यात आईचीही असायची, पण कुणाची कुठली हे सांगायला वेष्टन नव्हतं. गाण्याच्या जागी नुसते आकडे यायचे. मेळा मग मी धरला. माझ्याबरोबर माझी धाकटी जाऊ झांज वाजवायची, तिच्या आवाजाला खालचा सूर चांगला. आणि संबळ वाजवायला माझे चुलत दीर. त्यांच्या आजोबांपासून त्यांच्या घरात संबळ आहे. नवरात्रात आणि माघात आम्हाला आमंत्रणं असायची. सकाळी अंगणवाडी, दुपारनंतर मेळा. त्यात सुख होतं.

उमरग्यात हायवेच्या कडेला, ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानावर एकानं स्टुडिओ काढला. वय तिशीच्या आतबाहेर, बोलायला गोड. त्यानं आमचं गाणं कुठल्या तरी गावात ऐकलं आणि घरी आला. “मावशी, तुमचा आवाज मोबाइलवर आला पाहिजे. जगानं ऐकला पाहिजे.” मोबाइलची मला भीती नव्हती. अंगणवाडीच्या पोरांची वजनं, उंच्या, खिचडी, सगळं मी रोज त्यातच भरते. आम्ही गेलो. भिंतींना काळा स्पंज लावलेली छोटी खोली, एक कॉम्प्युटर, एक माइक. पहिल्या दिवशी जाऊ होती, भाऊजी होते, मी होते. गाणं त्यानं त्याच्या चॅनलवर टाकलं आणि ते खरंच चाललं. कर्नाटकातून फोन आले, हैदराबादेत कामाला गेलेल्या आमच्या भागातल्या माणसांचे आले. एक जण म्हणाला, कारखान्यात पाळी संपली की तुमचं गाणं लावतो. मला ते फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वेळी गेले तर त्यानं भाऊजींना बोलावलेलंच नव्हतं.

“संबळ कोण वाजवणार?” मी विचारलं.

“हाय की.” त्यानं एक बटण दाबलं आणि भाऊजींचा संबळ वाजायला लागला. गेल्या वेळचा. तोच तुकडा, पुन्हा पुन्हा, एकसारखा. “त्यांना कशाला उन्हातान्हात तरास द्यायचा?”

“मी सावलीवर थांबते तेव्हा हा थांबंल का?”

“तुमी थांबू नका ना मावशी,” तो हसून म्हणाला. “आजकाल लोकांना थांबलेलं चालत न्हाय. बोटानं फुडं सरकवतेत.”

मी भांडले. पुढच्या वेळी भाऊजींना बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणाले, आणि पुढच्या वेळी त्यानं बोलावलंही. पण तोपर्यंत भाऊजींच्या संबळाचा तो तुकडा त्यानं आणखी कुणाकुणाला देऊन टाकला होता. वरातीत, वाढदिवसात, बैलपोळ्याच्या व्हिडिओत, सगळीकडं तोच. भाऊजी एकदा तुळजापूरहून येताना एसटीत बसले होते आणि पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मोबाइलमध्ये स्वतःचा हात ऐकत आले. घरी येऊन म्हणाले, “वैनी, मला आमंत्रण न्हाय, पर मी सगळीकडं हाय.” ते हसत होते. मला हसू आलं नव्हतं.

मग एके दिवशी स्टुडिओवाल्यानं मला एकटीला बोलावलं. “आवाजाचा नमुना घ्यायचाय. कुठं सूर जरा घसरला तर मशीनमधी दुरुस्त करता येतो, परत परत गायला लागत न्हाय तुमाला.” सकाळपासून मी बसले. त्यानं सांगितलं ते बोलले, बाराखडी म्हणाले, एकेक सूर लांबवला, हळू गायले, चढ्या आवाजात गायले, हसले, हुंकार भरला. दुपारी त्यानं चहा आणि भजी मागवली. माझ्या घशाची काळजी म्हणून भजी खाऊ नका म्हणाला आणि स्वतः खाल्ली. मी निघाले तेव्हा पाया पडला. त्या हळदीच्या दिवशी, नळावर हात चोळताना मला हे सगळं आठवलं, तो पाया पडला होता त्यासकट.

घरी आले तर बातमी माझ्या आधी पोचली होती. आमचे हे दारात बसले होते. टेम्पो चालवतात, कमी बोलतात. गाण्यावरून त्यांनी मला कधी अडवलं नव्हतं, उलट मेळ्याला टेम्पो त्यांचाच असायचा. त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. तेच गाणं. खाली एका तोकड्या कपड्यातल्या मुलीचं चित्र, चित्रही मशीननंच काढलेलं, तिच्या एका हाताला सहा बोटं होती.

ते म्हणाले, “तू न्हाय ना गायलीस?”

आजवर मला पुष्कळ जण पुष्कळ बोलले. पण या एका प्रश्नानं जेवढं लागलं तेवढं कशानंच लागलं नाही. सगळा संसार झाला या माणसाबरोबर. हा माणूस मला भाकरी थापताना गुणगुणताना ऐकत आलाय. आणि त्याला विचारावं लागलं. त्याचा दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. आवाज इतका माझा होता की त्यानं विचारलंच पाहिजे होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. त्या मशीननं माझा गळा नेला तो नेला, माझ्या घरात माझ्या शब्दाची किंमतही खाली आणली.

“न्हाय,” मी म्हणाले, आणि चुलीपुढं जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी जावेला घेऊन मी उमरग्याला गेले. स्टुडिओवाला आम्हाला बघून उठला, खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मी पाणी घेतलं नाही.

“ते गाणं काढा.”

“कोणतं, मावशी?”

“कडीचं.”

त्यानं नाटक केलं नाही, एवढं खरं. म्हणाला, “मावशी, ते मी न्हाय केलं. पुण्याकडचं एक पोरगं हाय, त्याला आवाज दिलता. त्यानं बनवलं. मला बी नंतर कळलं.”

“माझा आवाज तुम्ही कुणाला दिला?”

“दिला म्हंजे... फाइल हाय ती. शेअर केली.”

“फाइल?”

जावेनं मध्येच तोंड घातलं. “आमच्या अक्काला विचारलं व्हतं का?”

“दिवसभर बसून त्यांनीच तर दिला आवाज,” तो म्हणाला. “आणि असं बघा, यात तुमचाच फायदा हाय. तुमचं वय व्हायलंय, उद्या घसा बसला तर? आता तुमी घरात बसा, अंगणवाडी करा, इकडं गाणी निघत ऱ्हातील. देवीची बी काढू. लई गोड निघतेत. ऐकता का?”

आणि त्यानं लावलं. माझ्या आवाजात देवीचं गाणं, जे मी कधी गायले नव्हते, ज्यातले शब्द मला माहीत नव्हते. सूर कुठंच घसरत नव्हता. ओळीच्या शेवटी नेमानं खरखर येत होती, प्रत्येक ओळीच्या, जिथं यायला नको तिथंही. जशी एखादी बाई मला चिडवायला माझी नक्कल करतेय. आणि तो माझ्या तोंडाकडं बघत होता, मी खूश व्हायची वाट बघत.

मी विचारलं, “तुमची आई आहे का?”

“हाय की.”

“उद्या तिच्या आवाजात कुणी तुम्हाला फोन केला आणि भलतंच काही बोललं तर तुम्ही त्याला फाइल म्हणाल का?”

त्याचा चेहरा उतरला. पण गाणं काही त्यानं काढलं नाही. माझ्या हातात नाही, चॅनल त्या पोराचं आहे, असं म्हणत राहिला. आम्ही जिन्यानं खाली आलो तेव्हा खाली दुकानात कुणी तरी हातोड्यानं लोखंडी पट्टी ठोकत होतं. तो आवाज मला बरा वाटला. माणूस मारतोय म्हणून वाजतंय, एवढा सरळ हिशोब.

पोलिस ठाण्यात गेलो. तिथले साहेब चांगले होते, त्यांनी बसवून घेतलं, पण त्यांना माझं म्हणणंच कळेना.

“आवाज तुमचा आहे?”

“हो.”

“आणि तुम्ही गायल्या नाहीत.”

“नाही.”

“मग गायलं कोण?”

“कॉम्प्युटरनं.”

ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “बाई, लोक इथं येतात ते म्हणतात, हा आवाज माझा नाही. तुम्ही म्हणता आवाज माझाच आहे. तक्रार लिहू कशी?” शेजारच्या टेबलावर एक तरुण महिला पोलिस होती. ती म्हणाली, “सर, असं होतंय आता. मी ऐकलंय.” साहेब म्हणाले, “तुम्ही जरा गाऊन दाखवा बघू.”

माझा विश्वास बसेना. ठाण्यात, पंख्याखाली, हातात बेड्या घातलेला एक माणूस कोपऱ्यात बसलेला असताना मी आईचं सावलीचं गाणं गायले. दोनच ओळी. रागानं आवाज कापत होता. मग साहेबांनी मोबाइलवर ते कडीचं गाणं लावलं, ऐकलं आणि म्हणाले, “तुमचाच आहे हो हुबेहूब.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. ते तर कौतुकानं म्हणाले. पण मी माझं नाही हे सांगायला गेले होते, आणि मीच माझ्या तोंडानं त्यांना पुरावा देऊन आले. त्या तरुण पोरीनं अर्ज लिहून घेतला, जिल्ह्याला पाठवते म्हणाली, आणि मला दारापर्यंत सोडायला आली. “काकू, माझी आजी तुमची गाणी ऐकते,” ती म्हणाली. “खरीवाली.”

गावात काय चाललं होतं ते सांगते. त्या वर्षी माघात आम्हाला एकाही घरून बोलावणं आलं नाही. तोंडावर कुणी बोलत नव्हतं. मी पाण्याला गेले की बोलणं दुसरीकडं वळायचं. मी घरोघर जाऊन सांगितलं, हे मशीनचं आहे. बायका मान हलवायच्या. काही जणींनी खरं मानलं. काहींना मशीन गातं हे पटण्यापेक्षा बाई बिघडली हे पटणं सोपं होतं. एका म्हातारबानं तर सल्ला दिला, “आता गायलीच हाईस तर गायली म्हण, लोक इसरतेत.” मी त्यांना म्हणाले, “आबा, तुमच्या आवाजात कुणी तुमची जमीन विकली तर विकली म्हणाल का?” मला भांडखोर म्हणायला तेवढं पुरलं.

आणि मग अंगणवाडीत एक सकाळ. पोरं खिचडीची वाट बघत बसली होती. मी म्हणाले, कोण गाणं म्हणतंय? एक चार वर्षांची मुलगी उभी राहिली, फ्रॉकचं टोक हातात धरून, आणि मोठ्यानं सुरू झाली, “दाजी, मेवनीच्या खोलीला कलीच न्हाई...” शेवटी तिनं खरखर काढायचा प्रयत्नसुद्धा केला. मदतनीस बाईनं तोंडाला पदर लावला. मी म्हणाले, “बस खाली.” ती घाबरली नाही. कौतुकाची वाट बघत म्हणाली, “बाई, तुमचं गाणं हाय.”

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार? तिला खिचडी वाढली. पण तेव्हा जे आत पेटलं ते विझवायला मला कुणाच्या सल्ल्याची गरज राहिली नाही. दुपारी अंगणवाडीला कुलूप लावलं आणि जावेच्या घरी गेले. ती म्हणाली, “अक्का, आता अर्जबिर्ज बास. मेळा काढू.” भाऊजी ओसरीवर बसले होते. त्यांनी खुंटीवरचा संबळ उतरवला आणि त्याच्या दोऱ्या आवळायला लागले.

गुरुवारी, उमरग्याच्या बाजारच्या दिवशी, आम्ही गेलो. आमच्या ह्यांनी टेम्पो काढला. मी त्यांना या म्हणालेही नव्हते. मेळ्यातल्या सगळ्या बाया आल्या, ज्या त्या गाण्यावरून मला टाळत होत्या त्याही. हिरव्या साड्या, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्या. स्टुडिओच्या जिन्यावर, पायरीपायरीवर आम्ही बसलो, वरच्या दारापर्यंत. आत कुणाचं तरी रेकॉर्डिंग चाललं होतं. भाऊजींनी संबळावर पहिली टिपरी मारली तशी आतली खोली थांबली. काळ्या स्पंजानं काय थांबणार तो संबळ?

आम्ही गात राहिलो. एक संपलं की दुसरं. बाजारातली माणसं जमली, ट्रकवाले थांबले, खालच्या दुकानदारानं आधी कटकट केली, मग कंटाळून आम्हाला पाणी आणून दिलं. स्टुडिओवाला दार उघडून बाहेर आला, हात जोडले. “मावशी, गिऱ्हाइक बसलंय आत.”

“बसू दे.”

“किती वेळ बसणार तुमी?”

जाऊ म्हणाली, “आमी मेळ्यातल्या बाया हाव. आमाला बसायची सवय हाय.”

लोकांनी विचारायला सुरुवात केली, काय झालं, कशाला बसल्या. प्रत्येकाला जाऊ सांगायची, सगळं, न लाजता, गाण्याच्या शब्दांसकट. मला तिचा अभिमान वाटला. मी ते शब्द तोंडातून काढू शकत नव्हते. ऐकणाऱ्यांत पुष्कळांनी तेच गाणं आपल्या पोरांच्या वरातीत वाजवलं होतं, ते खाली बघायला लागले. एक माणूस म्हणाला, “म्हंजे ही बाई गायलीच न्हाय?” भाऊजी संबळ थांबवून म्हणाले, “आणि संबळ बी मी वाजवला न्हाय. आत्ता वाजवतोय तो माझा.”

ऊन कललं तेव्हा स्टुडिओवाल्यानं आम्हाला वर बोलावलं. आमच्यासमोर त्या पुण्याकडच्या पोराला फोन लावला. सुरुवातीला विनवण्या, मग शिव्या. ते गाणं त्या चॅनलवरून गेलं, आम्ही आमच्या मोबाइलवर बघून खात्री केली. मग त्यानं कॉम्प्युटरमधली माझ्या आवाजाची फाइल दाखवली आणि काढून टाकली. पडद्यावर एक छोटी खिडकी उघडली, बंद झाली.

“गेलं,” तो म्हणाला.

“कशावरून?” जावेनं विचारलं.

त्यानं नुसतं पडद्याकडं बोट केलं. आम्हाला ते तपासता येत नव्हतं. एवढं मोठं माझं आयुष्य त्या खिडकीत होतं की नव्हतं, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

फरक पडला. बाजारात जमलेल्या माणसांनी बातमी गावोगाव नेली, आणि पुढच्या नवरात्रात आमंत्रणं परत आली. नणंदेच्या सासूनं स्वतः फोन केला, माफी वगैरे काही मागितली नाही, नुसतं म्हणाली, “घट बसवायला या.” मी गेले. पण ते कडीचं गाणं संपलं नाही. ते कुणी कुणी उतरवून घेतलं होतं, ते दुसऱ्या नावांनी परत येतं. फाइलही कुणाकुणाकडं पोचली असणार, कारण माझ्या आवाजात आता एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं गाणं आहे, एका बियाण्याच्या कंपनीची जाहिरात आहे. तेरखेड्याकडच्या एका दुकानाची फटाक्यांची जाहिरात तर मला माझ्या भाचीनंच पाठवली, हसायचं चित्र जोडून. तिला वाटलं मला आनंद होईल. अर्जाचं काय झालं विचारायला मी अजून जाते. ती तरुण पोलिस पोरगी बदलून गेली. नवीन माणसाला मी पुन्हा पहिल्यापासून सांगते, आवाज माझा आहे, गायले मी नाही, आणि तो पुन्हा तसाच बघतो.

लोक मला सांगतात, बाई, काळ बदलला, आता सोडा. स्टुडिओवालाही एकदा बाजारात भेटला तेव्हा हेच म्हणाला. काळानं माझा आवाज नेला नाही. काळ माझ्या समोर बसून भजी खात नव्हता. माणसानं नेला, नाव-गाव असलेल्या, माझ्या पाया पडलेल्या माणसानं. आईचा आवाज कॅसेटमध्ये गेला तेव्हा तो आईनं गायलेलाच होता. ती जे गायली तेवढंच त्यात होतं, एक अक्षर जास्त नाही. हे मी जेव्हा जेव्हा सांगते तेव्हा माझा आवाज चढतो, आणि चढू दे.

मी अजून गाते. आताच्या नवरात्रात सास्तूरला एका घरी बसलो होतो. मी आईचं गाणं धरलं आणि समोर सगळ्यांचे मोबाइल वर झाले. मी थांबले. म्हणाले, “खाली ठेवा. ऐकायचं असेल तर ऐका.” बहुतेकांनी ठेवले. मागं एक तरणा माणूस होता, त्यानं हात तसाच ठेवला. भाऊजींनी संबळावरचा हात उचलला. जावेनं झांज मांडीवर ठेवली. मी त्याच्याकडं बघत बसले आणि आता सगळं घर त्याच्याकडं बघायला लागलं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, हसायचा प्रयत्न केला, आणि शेवटी मोबाइल खिशात घातला. मग मी पहिल्या ओळीपासून परत सुरू केलं आणि सावलीवर मला हवं तेवढा वेळ थांबले.